रोपाचा दाखला

आमच्या वस्तीत एखादा वाद मिटेनासा झाला की म्हातारी माणसं माझ्याकडे वळायची. "गुरुजी, द्या एक दाखला." दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा नव्हे, दृष्टांत. बांधाचं भांडण असो, मुलीला सातवीच्या पुढं शिकवायचं की नाही असा प्रश्न असो, मी शेतातली, गोठ्यातली, चुलीपाशी रोज घडणारी एखादी गोष्ट उचलून मध्ये ठेवायचो. माणसं हसायची, माना डोलवायची आणि उठून घरी जायची. मला त्याचा गर्व होता. आता मी दाखला देत नाही. लोकांना वाटतं, वय झालं, जीभ जड झाली. पन्नाशी अजून गाठलेली नाही. कारण वेगळं आहे, आणि ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

ही विद्या मी शिकलो ती आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी. मी शाळकरी होतो. आमची वस्ती चौकहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. घराघरातले देव गोळा करून नदीत सोडायचे असं ठरलं होतं, पण आयत्या वेळी बायका अडून बसल्या. पुरुषांचाही पाय उचलत नव्हता, फक्त ते बायकांच्या आडून बोलत होते. तेव्हा माझ्या वडिलांचे मामा, वस्तीतले सगळ्यात म्हातारे, बांधावर गेले आणि काठीच्या टोकावर सापाची कात घेऊन आले.

"ही कोनाची?"

"सापाची."

"मंग त्यो साप परत येऊन हिच्यात कवा घुसल, त्ये सांगा."

माणसं हसली. ज्या गोष्टीने सगळ्यांची झोप उडाली होती ती एकदम हलकी झाली. तरी एका बाईने विचारलंच, "मामा, उद्या पोरगं तापानं फणफणलं तर हाक कोनाला मारू?" मामांनी काठी कातीसकट खाली टाकली. "त्ये सापाला नको इचारूस, बाय. मला बी ठावं नाय. डागदराकडं न्यायचं. मी येतो संगती." आणि मग सगळ्यांच्या आधी स्वतःच्या घरातले देवांचे टाक आणून त्यांनी पाटीत ठेवले.

मला पुढं वर्षानुवर्षं आठवत राहिली ती फक्त कात. काठी खाली टाकली होती, हे मी विसरलो.

आणीबाणीच्या वर्षी मी खालापूरच्या बाजूला एका खेड्यात मास्तर होतो. वरून हुकूम आला, प्रत्येक मास्तराने नसबंदीच्या केसेस आणायच्या. 'केस' हाच शब्द होता. माणूस कोणी म्हणत नसे. केस नाही तर पगार नाही, आणि बदली पार समुद्राकडच्या टोकाला. आमच्यातल्या एका मास्तराने स्वतःचीच करून घेतली आणि मोकळा झाला. मला तीन मुलं होती. मीही तेच करू शकलो असतो. मला भीती वाटली. चिरण्याचीही वाटली आणि नंतर लोक माझ्याकडे कसे बघतील याचीही. खरं कारण एवढंच होतं. देशाचं कल्याण वगैरे मी त्याला नंतर चिकटवलं.

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर मी माणसांना थांबवून घेतलं. विषय काढताच पहिली तुटून पडली ती माझी आत्या. तोंडात दात नाही आणि कुणाच्या बापाला भीत नाही अशी बाई.

"एका डोळ्याला कोन डोळा म्हनतं का रं? एकच पोर म्हंजे एकच डोळा."

"आत्ये," मी म्हणालो, "आभाळात सूर्य किती?"

"एक."

"मग अंधार पडतो का?"

"पडतो की. रातच्याला."

सगळं विहार हसलं. मीही हसलो, पण आतून चिडलो. माणूस चिडला की त्याला दाखले चांगले सुचतात. मागून कोणीतरी विचारलं, "गुरुजी, तुमी केली का?" मी मान न वळवता म्हणालो, "न्हावी सगळ्या गावाचं डोकं भादरतो. स्वतःचं भादरताना कुणी बघितलाय?" पुन्हा हशा. त्या हशात तो प्रश्न बुडाला. इतका योग्य प्रश्न त्या दिवशी दुसऱ्या कुणी विचारला नाही, आणि मी तो न्हाव्याच्या वस्तऱ्याने कापून टाकला.

मग मी रोपाचा दाखला दिला.

भात लावणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे आधी एका तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या भाजलेल्या मातीत बी टाकलं की रोपं दाट, हिरवीगार उगवतात. पाऊस लागला की ती उपटून खाचरात लांब लांब लावायची. मी म्हणालो, "राबात रोपं खेटून खेटून उभी असतात. तशीच ठेवली तर भाताचा दाणा दिसेल का? दिसणार नाही. गवत होईल. मोकळं लावलं की फुटवे येतात, लोंबी भरते. पोरांचं तसंच आहे. एकच लावा, मोकळं लावा, भरघोस येईल."

हसलं कोणी नाही. सगळे गप्प झाले, आणि ती गप्प बसण्याची जात मला ओळखीची होती. पटलं की माणसं अशी गप्प होतात. आमच्या माणसांना सरकारी बोलीत बोलणारे साहेब पुष्कळ भेटले होते. त्यांच्या पायाखालच्या चिखलातून उचलून बोलणारा मी त्यांचाच होतो. आत्या तेवढी तंबाखू मळत माझ्याकडे बघत राहिली.

आता यात काय सोडलं होतं ते सांगतो. कोणीही शेतकरी एका जागी एकच रोप लावत नाही. तीन-चार रोपं एकत्र धरून लावतात. माझे वडील लावताना पुटपुटायचे, "एक खेकड्याचं, एक पावसाचं, उरलं त्ये आपलं." खाचरातला खेकडा कोवळं रोप कात्रीने कापावं तसं कापतो. हे मला दाखला देताना ठाऊक होतं. नंतर उमगलं असं नाही. तोंडातून 'एकच लावा' असे शब्द निघत होते त्याच क्षणी वडिलांचं ते बोलणं मला ऐकू येत होतं, आणि मी आवाज थोडा चढवला. तिथं बसलेल्या प्रत्येकाचा हात दरवर्षी तीन-चार रोपं धरत होता. एकालाही खेकडा आठवला नाही. याचा धक्का मला आजही बसतो.

सभा उठल्यावर माझा चुलतभाऊ मागे रेंगाळला. चुलत्याचा शेवटचा मुलगा, म्हणून सगळे त्याला धाकटाच म्हणत. अंगाने दणकट, मनाने साधा, माझा शब्द झेलायला कायम तयार. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्याला एक मुलगी झाली होती. नुकती पावलं टाकायला लागलेली. ती बापाच्या खांद्यावरून माझ्या चष्म्याकडे हात करत होती.

"दादा, मी करतो," तो म्हणाला. "तुझी बदली नको व्हायला. आन तू बोलतोस त्ये खरं हाय, एकच चांगली वाढवू."

त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. वस्तीतल्या सुनांमध्ये मला 'गुरुजी' न म्हणणारी तेवढी एकच. मी तिचा भावजी, मग गुरुजी कशाला, असं तिचं म्हणणं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "भावजी, आन पोरीला काय झालं म्हंजे?"

साधा प्रश्न होता. त्याचं साधं उत्तर होतं: झालं तर पुन्हा मूल होणार नाही. पाच-सहा शब्द. मी म्हणालो, "लावणी झाल्यावर खाचरात एखादं रोप मेलं तर तुम्ही काय करता?"

"नांगी भरतो," धाकटाच बोलला. मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायचं, त्याला नांगी भरणं म्हणतात. त्यासाठी खाचराच्या कोपऱ्यात थोडी रोपं राखून ठेवतात.

"मग?" मी म्हणालो.

एवढंच. 'मग?' यात खोटं कुठं आहे ते कोणाला दाखवता येणार नाही. मी त्यांना कसलंच वचन दिलं नाही. नसबंदीनंतर मूल होतं असं एका अक्षराने बोललो नाही. ते दोघं आपणच ते बोलले, मनातल्या मनात, आणि मी त्यांना बोलू दिलं. तिच्या तोंडावरची काळजी उतरली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

शिबिराच्या मांडवात कारकुनाने विचारलं, "मुलं किती?" एका मुलाच्या बापाला घेतील की नाही याची मला खात्री नव्हती. मी धाकट्याच्या आधी म्हणालो, "दोन." धाकट्याने माझ्याकडे बघितलं आणि तो खुदकन हसला. मला वाटलं, भावाची चलाखी बघून हसला असेल. का हसला ते मला पुढं कळलं. त्याला वाटलं, दादाने पुढचं मूलही धरून ठेवलं.

त्याची जखम चिघळली. बरेच दिवस तो पाय फाकून चालायचा आणि पोरं त्याची नक्कल करायची. मी दोनदा केळी घेऊन गेलो. माझा पगार सुरू झाला, बदलीचा कागद निघालाच नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात पोरगी गेली. उलट्या आणि जुलाब. सकाळी खेळत होती. ओढा भरलेला, त्यामुळे तिला उचलून वरच्या वाटेने फिरून रस्त्यावर आणली, एक टेंपो थांबवला, पण दवाखान्याच्या आधीच ती बापाच्या मांडीवर गार पडली. मला निरोप मिळाला तोवर पुरूनही झालं होतं. मी गेलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोललो नाही. त्या दिवशीचं ते न बोलणं एवढंच माझ्या हातून नीट झालं.

त्यानंतर एका सकाळी, गावोगाव लावण्या चालू असताना, दोघं नवरा-बायको माझ्या शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. धाकट्याने लग्नातला शर्ट घातला होता. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. लांबच्या कामाला निघाल्यासारखी दोघं.

"काय रे?" मी विचारलं. "इकडे कुठं?"

धाकटा उठून उभा राहिला. आवाज अगदी सरळ. त्यात ना राग ना टोमणा.

"दादा, नांगी भरायची हाय."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "अरे मग भर की. रोपं कमी पडली का?"

"तसं नाय रं," तो जरा लाजला. बायकोकडे बघितलं. "आमची. पोरीच्या जागंवर. तू बोल्ला व्हतास ना. कंच्या हापिसात जायाचं, त्ये सांग. खालापूरला का?"

वर्गात पोरं पाढे म्हणत होती. हा माणूस मला जाब विचारायला आला असता, त्याने माझी गचांडी धरली असती, तर मी उभा राहू शकलो असतो. पण तो माझ्यावर विश्वास ठेवून आला होता. मी विहारात एक शेत उभं केलं होतं, त्याच्या कोपऱ्यात रोपं राखलेली होती, आणि तो ती घ्यायला आला होता. इतक्या सरळपणे कोणी माझ्या दाखल्यात राहायला जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी स्वतः तर तिथं घटकाभरही थांबलो नव्हतो.

"चौकशी करतो," मी म्हणालो.

चौकशी केली. कोणीतरी सांगितलं, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा जोडतात. होईलच असं नाही, पण जोडतात. भात कापून झाल्यावर मी धाकट्याला घेऊन गेलो. डॉक्टरने त्याला पडद्याआड तपासलं, बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. तरुण होता, वाईट वाटून बोलत होता. "जखम पिकली होती का? आत सगळं चिकटून बसलंय. जोडायला काही राहिलं नाही. भावाला नीट समजावून सांगा."

नीट समजावून सांगा. हे मला सांगायचं!

मी बाहेर आलो. धाकटा बाकावर दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता. परतीच्या गाडीत तो गप्प. कर्जतला उतरल्यावर मी त्याला वडा घेऊन दिला. तो हातात कागद धरून उभा राहिला, वड्याला तोंड न लावता म्हणाला, "दादा, काय बोल्ला डाक्टर?"

मी तयारी केली होती. गाडीत नेरळपर्यंत मी मनाशी म्हणत आलो होतो, 'होणार नाही रे बाबा.' ते ओठापर्यंत आलं. आणि मी म्हणालो, "हे बघ, जमीन दमली की एक-दोन वर्षं पडीक टाकतात. लगेच पीक मागत नाहीत. तसं आहे. वेळ द्यावा लागेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वड्याचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "बरं."

पहिल्या दाखल्याबद्दल वस्तीतल्या सगळ्यांना माहीत आहे. तो सगळ्यांसमोर दिला होता, आणि त्याबद्दल ज्याला मला बोल लावावासा वाटला त्याने लावलाही. या दुसऱ्याबद्दल मी वर्षानुवर्षं कोणाला सांगितलं नाही. पहिल्या वेळी भीती तरी होती. या वेळी मला कोणाची भीती नव्हती. एक वाईट शब्द तोंडाने म्हणायचा नव्हता, म्हणून.

पुढच्या वर्षभरात मी वस्तीवर गेलो की धाकट्याची बायको मला जास्तच वाळलेली दिसायची. गाल बसलेले, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मला वाटलं, पोरीचं दुःख. एकदा आत्याने मला अंगणात गाठलं.

"तुझी भावजय काय करतीय, ठावं हाय का?"

"काय?"

"वरच्या ठाकूरवाडीतली म्हातारी कसला तरी पाला देते. त्यो उकळून पिते. निरन्या पोटी. वकते आन परत पिते. भात सोडलाय. म्या म्हनलं, कशापायी गं? तर म्हनते, भावजी बोल्ले, जमीन तयार व्हायला पायजे."

"आन ल्हानपनी म्हायेरचं देव सोताच्या हातानं नदीत सोडल्याली बाय ती," आत्या म्हणाली. "आता डोंगरावरल्या देवीला धागा बांधून आली. चोरून. मला सांगितलं, दुसऱ्या कोनाला सांगू नको म्हनली. तुला सांगितलं म्या. जमीन म्हने!" ती थुंकली. "रेड्या, तू सांगितलंस तरी काय तिला?"

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी धाकट्याला सांगितलं होतं, त्याच्याबद्दल. पण पडीक जमीन म्हटल्यावर त्या घरात जमीन कोण? बी कोणी पेरायचं आणि माती कोणी व्हायचं, हे आमच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेलं आहे. मी शब्द टाकला आणि शब्द आपल्या जुन्या वाटेने बरोबर तिच्यापाशी गेला. दोष होता भावाच्या चिघळलेल्या जखमेत, आणि ती जखम माझ्यामुळे होती, आणि पाला पीत होती ती.

हे कळल्यावर तरी मी धावत जावं की नाही? गेलो नाही. तीच आली. राब भाजायचे दिवस होते, सगळीकडे धूर. मी बांधावरून वस्तीकडे चाललो होतो, तर ती डोक्यावरचा पाल्याचा भारा खाली टाकून माझ्या वाटेत उभी राहिली. कपाळावर राख.

"भावजी, एक इचारते."

"विचार की."

"पडीक टाकून लई दिस झालं." तिला धाप लागली होती. "आता दाखला नको. हाय का नाय, तेवढंच सांगा."

मी तोंड उघडलं आणि खरोखर, माझी लाज वाटते सांगायला, माझ्या मनात आधी आला तो राबच. भाजल्याशिवाय रोप उगवत नाही, असं काहीतरी. तिने हात वर केला. पोराला गप्प करावं तसा.

"हाय का नाय?"

"नाय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग विचारलं, "कवा कळलं?"

"आत्ताच," मी म्हणालो. "परवा पत्र आलं."

पत्र वगैरे काही नव्हतं. तिने भारा उचलला, मी हात लावायला गेलो तर ती बाजूला सरकली, आणि धुरातून निघून गेली. पाला प्यायचं थांबलं. मूल झालं नाही. धाकटा शेती करत राहिला, ती त्याच्याबरोबर लावणीला उभी राहत राहिली, मी कर्जतला भिसेगावात घर केलं. सणाला गेलो की ती मला जेवायला वाढायची. "भावजी, अजून घ्या." मी घ्यायचो. इतक्या वर्षांत हा विषय कोणी काढत नसे, आणि मला वाटू लागलं होतं की बोलणं टाळलं की गोष्ट बुजते.

गेल्या वर्षी एका लग्नात जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी बसली होती. हल्ली शहरात पोटातलं मूल मुलगी आहे का मुलगा ते आधी कळतं, आणि नको असेल तर पाडून आणतात. त्यावरून वाद लागला होता. एक शिकलेला, चांगल्या नोकरीतला पोरगा सांगत होता, "खुरपताना पिकातलं तण काढतोच ना आपण? त्याला पाप म्हणतं का कुणी? रोप विरळ ठेवावं, हे तर आपल्या गुरुजींनीच शिकवलंय." आणि त्याने माझ्याकडे बघून आदराने हात जोडले.

तो दाखला अजून जिवंत होता. माझ्या माघारी वाढत होता, आणि त्याला हे असले फुटवे आले होते.

"ते तण नाही," मी म्हणालो. "ती मुलगी आहे."

सगळे थांबले, पुढच्या वाक्याची वाट बघत. कोणीतरी म्हणालं, "पन दाखला द्या की, गुरुजी." माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ते पुन्हा आपसात बोलू लागले. माझं एक साधं वाक्य तिथंच, पत्रावळीजवळ पडून राहिलं. कात दाखवणारे मामा असते तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. दाखला देऊच नये असंही मला म्हणवत नाही. त्या कातीने आम्हाला माणसांत आणलं. पण विचारणाऱ्या बाईसमोर त्यांनी काठी खाली टाकली होती. मी ती विचारणारीच्याच पाठीत घातली.

त्या लग्नानंतर मी धाकट्याच्या घरी गेलो. दुपारची वेळ. तो ओट्यावर दोरी वळत होता, ती आत चुलीपाशी. मी बसलो, पाणी प्यालो आणि दार उघडं आहे हे बघूनच बोललो. तिला ऐकू जावं, पण तिच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये, अशी ती माझी हिंमत.

"धाकट्या, मला मुंबईलाच कळलं होतं. डॉक्टरने त्याच दिवशी सांगितलं होतं, होणार नाही म्हणून. पत्र वगैरे काही नव्हतं. मी खोटं बोललो."

तो दोरी वळतच होता. एक पीळ, दोन पीळ.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"डाक्टरनं मला तपासतानाच सांगितलं व्हतं. पडद्याआड."

"मग मला स्टेशनवर विचारलंस कशाला?"

"वाटलं, तुला कायतरी येगळं सांगितलं आसल. शिकलेल्या मानसाला येगळं सांगत्यात." त्याने दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "मंग तू पडीक जमिनीचं काढलंस. तवाच समजलो, तुला बी त्येच सांगितलंय."

"आणि तू तिला..."

"रोज सांगत व्हतो. तुझाच दाखला. पोरगी गेल्यापून जेवत नव्हती ती, दादा. त्ये ऐकलं की दोन घास खायाची. पाल्याचं मला बी उशिरा कळलं. तवा कसं सांगनार? चांगला व्हता दाखला."

आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला. ती दारात येऊन उभी होती, हात पिठाने माखलेले. आमच्या दोघांकडे तिने आळीपाळीने बघितलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना, थकलेली, रागावलेली बघितली होती. हे तसं काहीच नव्हतं. एखाद्या अनोळखी घरात शिरल्यासारखी ती आपल्याच ओट्याकडे बघत होती.

"म्हंजे त्या आख्ख्या वर्सात," ती सावकाश म्हणाली, "येडी मी एकलीच व्हते."

"अगं..." धाकटा म्हणाला.

"तुमी दोगं जमिनीच्या कडंला बसला व्हता."

धाकट्याच्या हातातली दोरी उलगडत गेली. मी उठून उभा राहिलो. काही बोलावं म्हणून नव्हे, बसवत नव्हतं. ती आत गेली, तवा खाली उतरवल्याचा आवाज आला, मग हात धुऊन, विळा घेऊन बाहेर आली. धाकट्याच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, पायरी उतरली. जेवणाची वेळ होती. एरवी मला त्या घरातून उपाशी कोणी जाऊ दिलं नसतं.

अंगणाच्या कडेला ती थांबली. पाठमोरीच.

"निगा आता, गुरुजी," ती म्हणाली. "कर्जतची यष्टी चुकंल तुमची."